लेथवर पहिला लाकडी वाडगा

लेथ म्हणजे वस्तू फिरवत ठेवून ती हत्याराने कातायचं यंत्र, आणि नाशिकमध्ये लेथ म्हटलं की लोखंड. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याही गल्लीत शिरा, अर्ध्या शटरच्या गाळ्यात कुणीतरी चकमध्ये, म्हणजे लेथच्या जबड्यांत, जॉब (कातायचा तुकडा) बांधताना दिसेल, आणि दोन घरांआड एखादा आयटीआयचा टर्नर राहत असतोच. त्यामुळे लाकडी वाडगा करायचं मनात आलं की पहिला सल्ला मिळतो तो याच मंडळींकडून. तो निम्मा फार कामाचा, निम्मा धोक्याचा. बेल्ट, बेअरिंग, आटे, मोटर यांबद्दल ते सांगतील ते नीट ऐका. हत्यार कसं धरायचं आणि जॉब कसा वागेल याबद्दल मात्र कान बंद ठेवा. त्यांचं हत्यार टूल पोस्टमध्ये, म्हणजे मशीनवरच्या पकडीत, आवळलेलं असतं, तुमचं तुमच्या हातात असणार आहे. शिवाय लोखंड संध्याकाळी जेवढं कातलं तेवढंच सकाळी सापडतं. लाकूड रात्रीत हलतं.

दुसरा सल्ला फर्निचरच्या खराद्याचा. पलंगाचे खांब, सोफ्याचे पाय, झोपाळ्याच्या दांड्या करणारा माणूस, हात इतका बसलेला की बघत राहावं. पण त्याचंही सगळं वाडग्याला लागू पडत नाही. लाटणं आणि पोळपाट डोळ्यांसमोर आणा. लाटण्याचे तंतू लेथच्या आसाला समांतर असतात, हत्याराला लाकूड सगळीकडून सारखंच लागतं. पोळपाटाचे तंतू आडवे, म्हणून एका फेरीत हत्याराला दोनदा तंतूंची बाजू भेटते आणि दोनदा तंतूंची टोकं. वाडगा पोळपाटाच्या जातीचा. खांबाला गोल आकार द्यायची ती रुंद, पसरट गोल पटाशी वाडग्यावर कधीही लावू नका. तिचा दांड्यात शिरणारा भाग बारीक असतो, आडव्या तंतूंत ती अडकली की तिथूनच मोडते आणि तुकडा कुठे जाईल याचा नेम नाही. वाडग्याची पटाशी वेगळी: जाड गोल सळईत खोल पन्हळ कोरलेली. दुकानात ‘बोल गाऊज’ म्हणून मागा.

तरीसुद्धा सुरुवात लाटण्यापासून करा. एक-दोन लाटणी केली की हत्याराची पाठ, म्हणजे धारेमागचा तिरका घासलेला भाग, लाकडावर टेकवणं म्हणजे काय, हे हाताला कळतं आणि मग वाडग्याची भीती निम्मी होते.

मशीन

आठ इंची वाडग्यासाठी बेडपासून (मशीनच्या खालच्या आडव्या रुळांपासून) सेंटरची, म्हणजे फिरण्याच्या मधल्या रेषेची, उंची किमान पाच इंच हवी, म्हणजे दहा इंच व्यासाचा जॉब फिरू शकेल. अर्धा एचपीची मोटर चालते, एक एचपीची असली तर बरं. खरी गोष्ट वजनाची. ओलं, वाकडंतिकडं लाकूड फिरू लागलं की हलकी मशीन टेबलासकट चालायला लागते. टेबल जमिनीला बोल्ट करा, नाहीतर खालच्या फळीवर वाळूची दोन पोती टाका.

वेग हा सगळ्यांत महत्त्वाचा आकडा. आपल्याकडची नेहमीची मोटर १४४० आरपीएमची. तोच वेग थेट स्पिंडलला, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या दांड्याला, दिला तर आठ इंची वाडग्याची कड ताशी सुमारे ५५ किलोमीटरने धावते. गोल झालेल्या, समतोल जॉबला ते एक वेळ चालेल, ओबडधोबड ओंडक्याला मुळीच नाही. मोटरवर दोन इंची आणि स्पिंडलवर सहा इंची पुली लावली की ४८० आरपीएम मिळतात, रफ कामाला हाच वेग. तीन आणि पाच इंचाच्या जोडीने ८६४ मिळतात, तो फिनिशिंगला. टर्नर लोक एक ठोकताळा वापरतात: व्यास इंचांत गुणिले आरपीएम हा आकडा ६००० ते ९००० च्या मध्ये असावा. नवशिक्याने ६००० च्या आसपासच राहावं आणि जॉब पूर्ण गोल होईपर्यंत त्याच्याही खाली. थ्री फेज मोटर व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर) चालवणार असाल तर पुल्यांची कटकट कमी होते, पण एक बघा: मोटर उलटी फिरायला नको. स्पिंडलवर चक आट्यांनी बसलेला असतो, उलट फिरवला की तो आपोआप सुटतो.

आता विजेचं. काम चालू असताना वीज गेली तर आपण सहज हत्यार बाजूला ठेवतो, जॉबला हात लावून बघतो. त्याच क्षणी वीज आली तर? म्हणून साधा खटक्याचा स्विच नको. शेतातल्या मोटारीला असतो तसला डीओएल स्टार्टर लावा, वीज गेली की तो पडतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. विहिरीवरच्या पंपाला लावतात तो ‘ऑटो’, म्हणजे वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारा, मात्र इथे चुकूनही जोडू नका.

जॉब धरायला दोन गोष्टी लागतात, फेसप्लेट (जॉबला स्क्रूने जोडायची लोखंडी चकती) आणि लाकडासाठीचा चार जबड्यांचा स्क्रोल चक, ज्याचे जबडे एकदमच सरकतात. भंगारात लोखंडी लेथचा चक स्वस्तात मिळतो आणि मोह होतो. त्याचे जबडे बाहेर आलेले असतात, बोटं फोडतात, आणि लाकडाला ते धरत नाहीत, चिरडतात. चक घेण्याआधी स्पिंडलचे आटे मोजून घ्या. कुठल्या मशीनला एक इंच आठ टीपीआय (इंचाला आठ आटे), कुठल्या मशीनला तेहतीस मिलीमीटर साडेतीन पिच (दोन आट्यांत साडेतीन मिलीमीटर अंतर), लोकल बनावटीत तर काहीही. आणि इथेच नाशिककर असण्याचा फायदा आहे. स्पिंडलचा नट नमुन्याला घेऊन अंबडच्या एखाद्या जॉबवर्कवाल्याकडे जा. फेसप्लेट, अ‍ॅडॅप्टर, वाडग्याच्या पोटात जाईल असा वाकडा टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी), सगळं तो करून देतो.

धार

सुरुवातीला तीनच हत्यारं घ्या: अर्धा इंची बोल गाऊज, पार्टिंग टूल (खाच पाडायचं अरुंद हत्यार) आणि गोल तोंडाचा स्क्रेपर (खरवडायचं हत्यार). एचएसएसची, म्हणजे हाय स्पीड स्टीलचीच घ्या. जुन्या कानशीला धार लावून स्क्रेपर करण्याची युक्ती खूप जण सांगतात. कानस ठिसूळ असते, दणका बसला तर काचेसारखी तुटते, नको ते. गाडीच्या पाट्यापासून लोहाराने घडवलेलं हत्यार चालतं, फक्त धार लावताना ते निळं पडू द्यायचं नाही, सारखं पाण्यात बुडवायचं. एचएसएसचं उलटं आहे. ते तापलं तरी मऊ पडत नाही, पण तापलेलं पाण्यात बुचकळलं तर बारीक चिरा पडतात. ते हवेतच थंड होऊ द्या.

ग्राइंडरवरचा करडा दगड काढून ८० ग्रिटचा पांढरा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा दगड बसवा. गाऊजचा कोन ४५ ते ५० अंश. हातावर विश्वास असेल तरी कोन कायम ठेवणारा जिग घ्या किंवा करून घ्या. हत्याराची पाठ एकसंध, एकाच पैलूची हवी. तिच्यावर तीन-चार पैलू दिसत असतील तर ती लाकडावर टेकतच नाही, डुगडुगते.

धार बघायची रीत सोपी. हत्यार दिव्याखाली धरून कडेकडे सरळ बघा. कडेवर बारीक पांढरी रेघ चमकली तर हत्यार बोथट. धारदार कडेवर उजेड टेकायला जागाच नसते, ती दिसतच नाही. बाभळीवर दहा-पंधरा मिनिटांत धार जाते. सागात वाळूचा अंश असतो, तोही धार खातो. ढलप्या निघायच्या थांबून पीठ पडायला लागलं की जोर वाढवू नका, मशीन बंद करून ग्राइंडरकडे जा.

लाकूड कुठून आणायचं

प्लायवूडच्या दुकानात नाही आणि सुरुवातीला टिंबर मार्टमध्येही नाही. तिथलं लाकूड वाळलेलं, महाग आणि फळ्यांमध्ये कापलेलं असतं. पहिले दहा वाडगे ओल्या लाकडाचे करा. ओलं लाकूड लोण्यासारखं कातलं जातं, धूळ उडत नाही, आणि बिघडलं तर हळहळ वाटत नाही.

जळाऊ लाकडाची वखार हे सगळ्यात चांगलं ठिकाण. तिथे लाकूड किलोवर मिळतं आणि पुष्कळदा आंबा, बाभूळ, सुबाभूळ, कडुलिंब असं सगळं एकाच ढिगात असतं. दुसरं ठिकाण म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची छाटणी आणि वादळात पडलेली झाडं. पण रस्त्यावरचं झाड पडलं म्हणून ते आपलं होत नाही, महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारूनच ओंडका उचला. आपल्या अंगणातलं झाड तोडायलासुद्धा शहरात परवानगी लागते, १९७५ चा वृक्ष संरक्षणाचा कायदा त्यासाठीच आहे. पेठ-सुरगाण्याकडून कुणी स्वस्तात साग किंवा खैर आणून देतो म्हणाला तर वनखात्याचा वाहतूक पास आणि लाकडावरचा हातोड्याचा शिक्का मागा. नसेल तर तिथेच विषय संपवा. चंदनाचं तर नावच काढू नका.

झाडांविषयी माझं मत असं. पहिला वाडगा आंब्याचा. कातायला सोपा, आठ-दहा इंच जाडीचे ओंडके सहज मिळतात, आणि थोडा कुजकट डाग असलेल्या आंब्यात काळ्या रेषांची जी नक्षी येते ती विकत मिळत नाही. चीक आणि साल मात्र काही जणांच्या अंगावर उठते, कैरीच्या चिकाने ओठ सुजतात त्यांनी जपून. सुबाभूळ दुसऱ्या नंबरवर. बाभूळ सुंदर, जड, टिकाऊ, पण धार हातात बसल्यावर. शिरीषाच्या भुशाने शिंका थांबत नाहीत. गुलमोहर पावसाळ्यात हवा तेवढा मिळतो, पण लाकूड मऊ आणि भुसभुशीत, खाण्याच्या भांड्याला घेऊ नका. कण्हेर विषारी, ती लेथजवळही नको.

जुन्या नाशकातले वाडे उतरतात तेव्हा तुळया-खांबांचा साग विकायला येतो. रंग असा की नव्या सागाला येणार नाही. त्यात खिळे असतात, वरून न दिसणारे. लोहचुंबक चारही बाजूंनी फिरवल्याशिवाय असा तुकडा मशीनवर चढवू नका.

ओंडका निवडताना टोकाकडे बघा. मधोमध जो ठिपका दिसतो तो गाभ्याचा केंद्र. वाडग्यात तो राहिला तर वाडगा तडकणार, आज नाही तर महिन्याने. म्हणून ओंडका व्यासापेक्षा दोनेक इंच जास्त लांब कापायचा, केंद्रातून उभा चिरायचा आणि केंद्राच्या दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा इंच काढून टाकायचा. एका ओंडक्याचे दोन वाडगे. सपाट बाजूवर परकाराने वर्तुळ काढून कोपरे उडवा, सॉमिलवाला बँडसॉवर हे दोन मिनिटांत करतो. लगेच कातणार नसाल तर ओंडक्याच्या दोन्ही टोकांना मेण किंवा जुना ऑइल पेंट फासून ठेवा. पाणी टोकांतून सर्वांत वेगाने उडतं आणि भेगा तिथूनच सुरू होतात. एप्रिल-मे महिन्यात तर सकाळी आणलेल्या ओंडक्याला संध्याकाळी केसासारख्या भेगा दिसतात.

अंगावर काय असावं, काय नसावं

चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहरा झाकणारी शील्ड घ्या. हातमोजे नकोत, कारण फिरता जॉब मोजा पकडतो आणि हातासकट ओढतो. अंगठी, घड्याळ, गळ्यातली माळ, मनगटातला गंडा, ओढणी, सैल बाही, सगळं बाजूला. केस बांधा. लाकडाचा बारीक भुसा फुप्फुसांना वाईट, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तो कर्करोगकारक ठरवलेला आहे. म्हणून पॉलिश पेपर मारताना एन-९५ मास्क नाकावर हवाच, हनुवटीवर नाही.

मशीन सुरू करताना जॉबच्या समोर उभं राहू नका. तुकडा उडाला तर तो जॉबच्या फिरण्याच्या रेषेत उडतो, त्या रेषेबाहेर उभं राहून बटण दाबायचं.

बाहेरची बाजू

फेसप्लेट सपाट बाजूला, म्हणजे जिथे पुढे वाडग्याचं तोंड येणार तिथे लावायची. किमान चार स्क्रू, सव्वा इंच लांबीचे, जाड. जिप्समसाठी मिळतात ते काळे स्क्रू ठिसूळ असतात, ताण आला की मुंडी तुटते. टेलस्टॉकचं, म्हणजे बेडवर सरकणाऱ्या समोरच्या आधाराचं, फिरतं सेंटर (टोकदार खिळा) दुसऱ्या बाजूने घट्ट टेकवा आणि शक्य होईल तितका वेळ ते तिथेच असू द्या. टूल रेस्ट जॉबपासून एक-दोन सूत लांब (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). जॉब हाताने एक पूर्ण फेरी फिरवून बघा, कुठे अडकत नाही ना. मग ४०० ते ५०० आरपीएम. मशीन थरथरली तर वेग आणखी कमी.

आता या कामातली सगळ्यांत महत्त्वाची हालचाल. हत्यार आधी टूल रेस्टवर टेकवायचं. मग दांडा खाली धरून हत्याराची पाठ फिरत्या लाकडावर टेकवायची. या वेळी काहीही कापलं जात नाही, नुसता टकटक आवाज येतो. मग दांडा हळूच वर उचलत न्यायचा, धार लाकडाला लागते आणि पहिली ढलपी सुटते. पाठ टेकलेली असेपर्यंत हत्यार तुमच्या ताब्यात आहे. पाठ सुटून नुसती धार लाकडावर गेली, विशेषतः पन्हळीची वरची, मोकळी कड लागली, की दणका बसतो, हत्यार खाली आपटतं आणि वाडग्याला खोल घाव पडतो. त्यामुळे पन्हळीचं तोंड कधीच आकाशाकडे नको. हत्यार ज्या दिशेला सरकतंय त्या दिशेला ते कलवलेलं हवं.

हातांनी ढकलू नका. दांडा मांडीला किंवा कमरेला टेकवा आणि अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर न्या. डावा हात टूल रेस्टवर नुसता हत्याराला आधार देतो.

दिशा लक्षात ठेवा: बाहेरून बुडाकडून काठाकडे, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्याकडे. आतून काठाकडून बुडाकडे. असं केलं की कापल्या जाणाऱ्या तंतूंना मागच्या तंतूंचा आधार असतो. उलटं गेलात की तंतू उपटून येतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, मग कितीही पेपर मारा.

बरोबर चाललंय की नाही हे कानाने कळतं. सुरुवातीला धाडधाड आवाज असतो, कारण हत्याराला एक बाजू लागते आणि एक बाजू हवा. जॉब गोल होत आला की तो आवाज बारीक आणि सलग होत जातो. ओल्या आंब्यावर धार असलेलं हत्यार नीट चाललं की लांब, ओलसर फिती खांद्यावरून मागे जाऊन पडतात, शील्डवर पाण्याचे बारीक थेंब उडतात आणि खोलीत कच्च्या कैरीच्या देठासारखा वास येतो. हा टप्पा लवकर संपवायची घाई करू नका.

आकाराबद्दल एक सुचवतो. रविवार कारंजाजवळच्या भांडी बाजारात जा आणि पितळी वाट्या, तपेल्या, गडवे नुसते बघा. बूड कुठे वळतं, पोट किती उंचीवर सर्वांत रुंद आहे, काठ आत झुकतो की बाहेर. घरातल्या आवडत्या वाटीचा अर्धा उभा छेद पुठ्ठ्यावर कापून घ्या आणि तो कातताना जॉबवर लावून बघत राहा. नवशिक्याचे वाडगे बहुधा कुंडीसारखे होतात: बूड रुंद, भिंत सरळ, मध्ये अचानक कोपरा. बूड व्यासाच्या एक तृतीयांश ठेवा आणि तिथून काठापर्यंत वळण कुठेही मोडू देऊ नका. बोट फिरवा, डोळ्याला न दिसणारा उंचवटा बोटाला लागतो.

शेवटी बुडाला चकसाठी खुंट काढा: अडीच इंच व्यास, दोन सूत उंची, मुळाशी स्वच्छ सपाट खांदा. जबडे त्या खांद्यावर टेकायला हवेत. खुंटाचं टोक चकच्या तळाला टेकलं तर पकड खोटी.

पोट

जॉब उलटा करून खुंट चकमध्ये आवळा, टेलस्टॉक पुन्हा टेकवा, कड पुन्हा गोल करून घ्या. किती खोल जायचं ते आधीच ठरवा. उंची मोजा, त्यातून बुडाची जाडी आणि खुंट वजा करा आणि तेवढ्या खोलीचं भोक मधोमध ड्रिलने पाडा. कातता कातता भोक नाहीसं झालं की थांबायचं. हे भोक न पाडता अंदाजाने खोल जाणारे लोक वाडग्याऐवजी चाळणी करून बसतात.

आत शिरताना पहिला क्षण नाजूक. हत्याराच्या पाठीला टेकायला अजून काहीच नसतं, त्यामुळे ते काठावरून बाहेर निसटतं आणि कडेवर गोल ओरखडा उठतो. पार्टिंग टूलने आधी एक सूत खोल खाच करून घ्या, तिच्यात गाऊजची पाठ टेकवा. पन्हळ सुरुवातीला घड्याळातल्या तीनच्या आकड्याकडे, पाठ टेकल्यावर किंचित दोनकडे. आधी मधला भाग थोडा कोरा, मग थोडं रुंद, मग खोल. टूल रेस्ट वारंवार आत सरकवत राहा. हत्यार रेस्टपासून दोन इंचांहून जास्त बाहेर गेलं की थरथरतं.

लाकूड ओलं असेल तर आज इथेच थांबा. भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी जाड ठेवा, आठ इंचाला सहा-सात सूत, आणि सगळीकडे सारखी. बूड जाड आणि काठ पातळ राहिला तर दोन्ही वेगवेगळ्या वेगाने आकसतात, मग तडा ठरलेला.

काम संपल्यावर मशीनचा बेड पुसून तेल लावा. बाभळीसारख्या टॅनिनवाल्या ओल्या लाकडाचं पाणी लोखंडाला लागलं की लोखंड तर गंजतंच, लाकडावरही निळे-काळे डाग पडतात. हातही शाई सांडल्यासारखे होतात. लाकडावरच्या ताज्या डागांवर लिंबाची फोड घासा, बरेचसे जातात. हाताचे दोन दिवसांनी जातात.

वाळवण

लोखंडवाल्या मित्रांना पटत नाही ते हेच. वाडगा केला, गोल केला, आणि आता तो मुद्दाम वाकडा होऊ द्यायचा. लाकूड आकसताना वर्तुळाकार वलयांच्या दिशेने जवळपास दुप्पट आकसतं, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्मं. त्यामुळे गोल वाडगा लंबगोल होतो. होऊ द्या, भिंत जाड ठेवली ती त्यासाठीच.

त्याच्याच ढलप्यांमध्ये वाडगा गुंडाळून कागदी पिशवीत किंवा गोणपाटात ठेवा आणि घरातल्या सर्वांत कमी वाऱ्याच्या कोपऱ्यात सारा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, बुरशी येते. पावसाळ्यात ढलप्यांनाही बुरशी धरते, तेव्हा आठवड्याने त्या बदलून कोरड्या घाला. उन्हाळ्यात उलट काळजी घ्यावी लागते. मे महिन्यात पंख्याखाली उघडा ठेवलेला वाडगा एका रात्रीत काठापासून बुडापर्यंत चिरतो.

मला नाशिकच्या हवेत पावसाळ्यात रफ करणं सर्वांत सोयीचं वाटतं. पडलेली झाडं मिळतात, हवा दमट असल्याने लाकूड हळूहळू वाळतं, आणि पुढे थंडीची कोरडी हवा उरलेलं काम करते. जुलै-ऑगस्टमध्ये रफ केलेला इंचभर भिंतीचा वाडगा संक्रांतीच्या सुमाराला तयार होतो. अंदाजावर राहू नका. बुडावर पेन्सिलीने झाडाचं नाव, तारीख आणि वजन लिहा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर पंधरवड्याने वजन करा. सलग तीन वेळा वजन तेच आलं की वाळला.

दुसरी फेरी, पेपर आणि बूड

वाळलेला वाडगा चकमध्ये सरळ बसणार नाही, खुंटही लंबगोल झालेला असतो. चकमध्ये एक लाकडी ठोकळा धरा, त्यावर जुन्या रबरी मॅटचा तुकडा, त्यावर वाडगा पालथा घाला आणि टेलस्टॉकने दाबा. खुंट पुन्हा गोल करा. मग नेहमीसारखं बाहेरून, आतून. शेवटची भिंत तीन सूत. हात बसला की दोन.

आतून फिनिश करताना काठापासून सुरुवात करून इंचा-इंचाने खाली या आणि खाली आल्यावर काठाकडे परत जाऊ नका. भिंत पातळ झाली की तेवढ्या वेळातही काठ हललेला असतो, हत्यार एका बाजूला चावतं, दुसऱ्या बाजूला हवेत. शेवटचा हात ताज्या धारेचा. तंतू उपटलेले दिसले तर तिथे थोडं तेल चोपडून अगदी हलका हात द्या.

पॉलिश पेपर १०० पासून १५०, २२०, ३२०. मधला नंबर गाळला तर आधीचे ओरखडे तेल लावल्यावर ठळक उठून दिसतात. टूल रेस्ट काढून टाका, वेग कमी ठेवा, पेपर फिरत्या वाडग्याच्या खालच्या बाजूला लावा आणि बोटांना गुंडाळू नका. मग पुन्हा तोच ठोकळा, वाडगा पालथा, टेलस्टॉक. खुंट कातत कातत करंगळीएवढा करा, उरलेला मशीन बंद करून पटाशीने उडवा. बूड किंचित खोलगट ठेवलं तर वाडगा ताटाशेजारी डगमगत नाही.

तेल

हार्डवेअरच्या दुकानातलं जवसाचं डबल बॉइल्ड तेल खाण्याच्या भांड्याला नको, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल चिकट होतं आणि खवट वास मारतं. दोन पर्याय चांगले. घाण्याचं शुद्ध जवसाचं तेल वाळून पक्कं होतं, पण प्रत्येक हाताला काही दिवस द्यावे लागतात. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन कधीच खवट होत नाही, कधीच वाळतही नाही, अधूनमधून पुन्हा लावावं लागतं. त्यात मधमाशीचं मेण चार भागाला एक भाग पातळ करून मिसळलं की हाताला छान लागतं. चपड्याचं (लाखेचं) पॉलिश सुक्यामेव्याच्या वाडग्याला शोभून दिसतं, गरम पदार्थाला टिकत नाही.

जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता बाहेर टाकतं आणि फडक्याचा बोळा आपोआप पेटू शकतो, शेजारी भुशाचा ढीग असतो हे विसरू नका. फडकं दोरीवर पसरून वाळवा, मग टाका.

वापरायला दिलात तर घरच्यांना एवढं सांगा: भांड्यांच्या ढिगात भिजत टाकायचा नाही, धुऊन लगेच पुसायचा, गॅसजवळ ठेवायचा नाही. हळदीचा पिवळा डाग पडला तर घासत बसू नका. हळदीचा रंग उजेडाने उडतो, पण कडक उन्हात वाडगा तडकेल. खिडकीच्या आत, ऊन थेट येत नाही अशा जागी दोन-चार दिवस उताणा ठेवा आणि मग तेलाचा एक हात द्या.